गाडी रोज चार्जिंगला लावा, भरायची वेळ मात्र तुम्ही ठरवा

घरोघरी इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर बसवणं हे माझं काम. भिंतीवर पेटी लागली, गाडी पहिल्यांदा जोडली, की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रोज लावायची, की बॅटरी पुरती उतरल्यावरच?" पूर्ण उतरवा आणि मग पूर्ण भरा, हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. तेव्हा त्यात तथ्य होतं. लिथियम-आयन बॅटरीला तो मानवत नाही, उलट खोलवर उतरवून काठोकाठ भरण्यानं ती जास्त थकते.

म्हणून माझं उत्तर असं असतं: रोज लावा, खुशाल लावा. फक्त दोन गोष्टी आधी ठरवा. किती टक्क्यांवर थांबायचं, आणि ते किती वाजता. गाडी घरी दहा-बारा तास उभी असते आणि चार्जिंगला लागतात त्यातले दोन-तीन. ते दोन-तीन तास रात्रीत नेमके कुठे बसवायचे, हे तुमच्या हातात आहे. घरच्या चार्जिंगचा बॅटरीला होणारा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो, आणि बहुतेक लोक तो घेतच नाहीत. घरी आले की प्लग लावतात, रात्री नऊला गाडी १०० टक्के भरते आणि सकाळपर्यंत तशीच तुडुंब उभी राहते.

आत काय चालतं

बॅटरी अनेक छोट्या सेलची बनलेली असते. सेलमधला ग्रॅफाइटचा ऋण ध्रुव इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे लिथियमची ने-आण करणाऱ्या द्रवात, बुडालेला असतो. पहिल्या काही चार्जिंगमध्येच त्याच्यावर एक अतिशय पातळ थर बसतो. तो थर हवाच असतो, त्याच्यावाचून सेल टिकणार नाही. अडचण अशी की तो पुढेही हळूहळू जाड होत राहतो, आणि त्यासाठी लागणारं लिथियम तो बॅटरीतूनच घेतो. थरात अडकलेलं लिथियम पुन्हा ये-जा करत नाही. तेवढी क्षमता कायमची गेली. गाडी चालवा किंवा नुसती उभी ठेवा, ही क्रिया सुरूच असते.

तिला वेग देणाऱ्या दोन गोष्टी आहेत: उष्णता आणि वरचा व्होल्टेज. एनएमसी (निकेल-मँगेनीज-कोबाल्ट) प्रकारचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टच्या जवळ असतो, अर्ध्यावर साधारण ३.७ व्होल्टला. वरच्या टोकाला धन ध्रुवाच्या बाजूलाही इलेक्ट्रोलाइटचं विघटन वाढतं. आणि तापमानाबद्दल रसायनशास्त्रातला ढोबळ अंदाज असा की दहा अंश सेल्सियस वाढले की अशा क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे भरलेली आणि तापलेली या दोन्ही अवस्था एकत्र आल्या, की नुकसान सर्वांत जास्त.

२०१० साली आलेल्या पहिल्या पिढीच्या निसान लीफमध्ये बॅटरीला द्रवानं थंड करण्याची सोय नव्हती. अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या कडक उन्हाच्या प्रदेशात त्या गाड्यांची क्षमता थंड प्रदेशांपेक्षा बरीच लवकर घटली. आज बहुतेक गाड्यांत द्रवशीतन असतं. तुमच्या गाडीत ते नसेल, तर पुढचं सगळं तुम्हाला दुपटीनं लागू आहे असं समजा.

ग्रॅफाइटवरचा तो थर स्वतःच पुढच्या वाढीला आडकाठी करतो, त्यामुळे पहिल्या वर्षा-दीड वर्षात घट जास्त दिसते आणि नंतर ती मंदावते. पहिल्या वर्षी दोन-चार टक्के कमी झाले म्हणून घाबरून फोन करणारे मला बरेच भेटतात. त्याच वेगानं पुढची दहा वर्षं मोजायची नसतात.

आधी आपली बॅटरी ओळखा

बॅटरी एनएमसी (किंवा तिची बहीण एनसीए, म्हणजे निकेल-कोबाल्ट-ॲल्युमिनियमची) आहे की एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटची, हे कळल्याशिवाय कुठलाही नियम लावू नका. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये दोन वेगळ्या बॅटऱ्या असू शकतात, म्हणून शेजाऱ्याच्या सारख्याच दिसणाऱ्या गाडीवरून अंदाज बांधू नका. मॅन्युअलमधलं चार्जिंगचं प्रकरण वाचा. "रोजच्या वापरासाठी ८० टक्क्यांची मर्यादा ठेवा" असं असेल तर बहुधा एनएमसी. "आठवड्यातून एकदा १०० टक्के भरा" असं असेल तर बहुधा एलएफपी. आणि मॅन्युअल माझ्यापेक्षा वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका. वॉरंटी त्यांनी दिलेली आहे.

एनएमसी असेल तर

मर्यादा ७० ते ८० टक्क्यांवर लावा. रोजचं फिरणं थोडं असेल तर ६० सुद्धा चालेल. लोक विचारतात, "मग एवढी मोठी बॅटरी घेतली कशाला?" लांबच्या प्रवासासाठी, आणि रोज अशी मधल्या पट्ट्यात ठेवता यावी यासाठीही. सत्तरवरून पन्नासवर येऊन पुन्हा सत्तरवर जाणं, हे शंभरवरून वीसवर येण्यापेक्षा सेलना पुष्कळच सोपं जातं. म्हणूनच रोज थोडंथोडं भरणं चांगलं.

आता वेळेचं गणित. समजा बॅटरी ४५ युनिटची (म्हणजे किलोवॅट-तासांची) आहे, रोजचं चालणं ६० किलोमीटर आणि किलोमीटरला ०.१५ युनिट खर्च. म्हणजे दिवसाला ९ युनिट, बॅटरीचे २० टक्के. संध्याकाळी सातला गाडी ५० टक्क्यांवर घरी आली आणि मर्यादा ७० वर आहे. गाडीत ९ युनिट जायला भिंतीतून साधारण १० युनिट घ्यावी लागतात, कारण काही वीज वाटेत उष्णता होऊन जाते. ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर हे दीड तासाच्या आत होतं, ३.३ किलोवॅटवर तीन तासांत. सकाळी आठला निघायचं असेल तर गाडीच्या स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये निघण्याची वेळ आठ अशी भरा. चार्जिंग पहाटे आपोआप सुरू होईल. प्लग मात्र संध्याकाळीच लावून ठेवा, म्हणजे विसरायचा प्रश्न येत नाही.

निघण्याच्या वेळेवर चार्जिंग लावण्याचा मी इतका आग्रह का धरतो, तर ती एकच सवय दोन्ही ऋतूंत कामाला येते. उन्हाळ्यात संध्याकाळी परतलेल्या गाडीचा पॅक, म्हणजे सगळ्या सेलची मिळून झालेली बॅटरी, तापलेला असतो. तो काही क्विंटलांचा धातू आणि रसायन, निवायला कित्येक तास घेतो. पहाटेपर्यंत तो निवलेला असतो आणि मग चार्ज होतो. कडाक्याच्या थंडीत उलटा फायदा: चार्जिंग संपता संपता पॅक थोडा ऊबदार झालेला असतो आणि तशाच अवस्थेत तुम्ही निघता. वीज मध्यरात्रीनंतर स्वस्त मिळत असेल तर तेव्हा भरा, सत्तर टक्क्यांवर गाडी चार-पाच तास जास्त उभी राहिल्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते शंभरवर रोज उभी राहिल्यानं.

काही गाड्यांत टक्क्यांची मर्यादा लावायची सोयच नसते. मग वरच्या हिशेबानं तास काढा आणि चार्जरच्या टायमरवर तेवढे लावा. थांबवायचं असेल तर गाडीतून किंवा चार्जरच्या बटणावरून थांबवा. करंट वाहत असताना सॉकेटमधून प्लग ओढू नका. ठिणगी पडते, आणि सॉकेटच्या पात्या जळायला तिथूनच सुरुवात होते.

लांब जायचं असेल तर १०० टक्के जरूर भरा, मनात काही आणू नका. फक्त ते निघण्याच्या आसपास पूर्ण होऊ द्या. पूर्ण भरलेल्या गाडीत ब्रेकमधून परत येणारी वीज घ्यायला जागा नसते, त्यामुळे पहिले काही किलोमीटर पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावणार नाही. उताराचा रस्ता घराजवळच असेल तर हे लक्षात ठेवा. मॅन्युअलमध्ये अधूनमधून पूर्ण चार्ज करायला सांगितलं असेल तर तो घरच्या हळू चार्जरवर करा आणि गाडी स्वतःहून थांबेपर्यंत प्लग काढू नका. शेवटच्या टप्प्यात बॅटरीची नियंत्रण यंत्रणा, म्हणजे बीएमएस, मागेपुढे असलेल्या सेलना एका पातळीवर आणत असते.

खालच्या टोकाबद्दल थोडक्यात: वीसच्या खाली रोज नेऊ नका. प्रवासात दहावर आली तर चिंता नको, पण घरी आल्यावर त्याच अवस्थेत दोन दिवस ठेवू नका, लगेच चार्जिंगला लावा.

एलएफपीची गोष्ट वेगळी

माझी गाडी एनएमसी आणि ताईची एलएफपी, त्यामुळे दोन्ही घरांत दोन नियम आहेत. एलएफपी सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, ३.२ ते ३.३ व्होल्टच्या दरम्यान. सेल चाळीस टक्के भरलाय की सत्तर, हे व्होल्टेज बघून बीएमएसला नीट कळत नाही. ते आत-बाहेर जाणारा करंट मोजत राहतं आणि त्या मोजणीत रोज थोडी चूक साठत जाते. वर शंभरच्या जवळ गेलं की व्होल्टेज ३.६५ च्या दिशेनं झटकन चढतो, तिथे बीएमएसला खात्रीची खूण सापडते आणि आकडा दुरुस्त होतो. अनेक आठवडे अशी खूण मिळाली नाही, तर स्क्रीनवर पंधरा टक्के दिसत असताना गाडी अचानक पाचवर येऊ शकते.

म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण. पण "एलएफपी आहे, रोज शंभर करा, काही होत नाही" हेही खरं नाही. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटानं २०२४ मध्ये दाखवलं की एलएफपी सेलसुद्धा सतत वरच्या टोकाला फिरवले की लवकर झिजतात. ताईला मी आखून दिलंय ते असं: सोमवारी सकाळी निघताना १०० टक्के, बाकीचे दिवस मर्यादा ७० वर. सोमवारी लगेच गाडी बाहेर पडते, दुपारपर्यंत ती वरच्या पट्ट्यातून खाली आलेली असते. आकडाही सरळ राहतो आणि बॅटरीही.

ऊन आणि थंडी

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर उभी करण्यापेक्षा सावलीत उभी करणं, हा बॅटरीसाठी कुठल्याही ॲपपेक्षा मोठा उपाय आहे. हायवेवरून आल्या आल्या किंवा फास्ट चार्जरवरून आल्या आल्या घरचं चार्जिंग सुरू करायची घाई नको, दोन तास जाऊ द्या. काही गाड्या प्लगला जोडलेल्या असताना बाहेरची वीज वापरून पॅक थंड ठेवतात. तशी सोय असेल तर कडक उन्हात गाडी जोडलेली ठेवा, मर्यादा तेवढी खाली असू द्या.

शून्य अंशाच्या खाली धोका दुसराच असतो. ग्रॅफाइटमध्ये लिथियम शिरण्याचा वेग मंदावतो, आणि करंट जास्त असेल तर ते आत जाण्याऐवजी पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं. त्यातलं काही परत कामाला येत नाही. बीएमएस अशा वेळी करंट कमी करतं किंवा पॅक गरम होईपर्यंत चार्जिंग सुरूच करत नाही. गाडी बिघडली असं वाटून प्लग काढ-घाल करू नका, तिला वेळ द्या. निघण्याआधी केबिन गरम करायची असेल तर प्लग लागलेला असतानाच करा, ती ऊब बॅटरीतून खर्च होत नाही.

हळू म्हणजे किती हळू

"७ किलोवॅटचा नको, ३ चाच बसवा, बॅटरी जास्त टिकेल" असं सांगणारे मालक खूप आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण हिशेब करून बघा. ४५ युनिटच्या पॅकला ७.२ किलोवॅट म्हणजे क्षमतेच्या साधारण सहावा भाग तासाला. ओव्हरटेक करताना हाच पॅक काही सेकंद ८०-१०० किलोवॅट देत असतो. घरच्या वेगाचं सेलना ओझं वाटत नाही. शिवाय चार्जिंग चालू असताना गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जागी असते आणि ती दोन-तीनशे वॅट खाऊ शकते. २.३ किलोवॅटनं भरताना हा दहा टक्क्यांच्या आसपासचा तोटा झाला, ७.२ वर तीन-चार टक्क्यांचा. घरचं वायरिंग जेवढं सुरक्षितपणे देऊ शकतं, तेवढा वेग घ्या.

प्रवासातला फास्ट चार्जर वेगळा. तिथे पॅक तासाला स्वतःच्या क्षमतेएवढी किंवा त्याहून जास्त वीज घेतो आणि तापतो. प्रवासासाठीच तो बनलाय, तेव्हा वापरा. घरी सोय असताना आठवड्याचं चार्जिंग तिथे उरकण्याची सवय मात्र लावून घेऊ नका.

भिंतीच्या अलीकडचं

आता माझ्या कामाचा भाग, आणि इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे. भिंतीवरच्या पेटीला आपण चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. तोच भिंतीतल्या एसी विजेचं बॅटरीला लागणारं डीसी करतो. पेटी गाडीला एक सिग्नल पाठवते, सेकंदाला हजार स्पंदनांचा. स्पंदनाची रुंदी बघून गाडीला कळतं की इथून जास्तीत जास्त किती करंट घ्यायचा. १६ ॲम्पियरसाठी ती रुंदी एका आवर्तनाच्या २७ टक्क्यांच्या आसपास असते. गाडी त्या सांगण्यावर पूर्ण विश्वास ठेवते. तुमच्या भिंतीतली वायर जाडीला कमी आहे की तिला मध्ये जोड आहे, हे गाडीला कळायचा मार्ग नाही. म्हणून पेटीतली ॲम्पियरची मर्यादा वायरच्या क्षमतेप्रमाणे लावलेली आहे ना, हे बसवणाऱ्याकडून समोर करून घ्या. "नंतर ॲपवरून करतो" यावर सोडू नका.

चार्जिंगसाठी मुख्य बोर्डपासून स्वतंत्र लाइन हवी, तिला तिची एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) हवी, आणि गळतीचा करंट पकडणारं असं उपकरण हवं ज्याला डीसी गळतीही कळते. घरातली साधी आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, डीसी गळती ओळखत नाही. काही पेट्यांत ही सोय आतच असते, ती आहे का ते विचारा. अर्थिंग मोजून घ्या, "आहे" म्हणण्यावर जाऊ नका. अर्थिंग कच्चं असेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग नाकारतात, आणि ते योग्यच आहे. एक्स्टेन्शन बोर्ड नको, वेटोळं केलेली वायर तर अजिबात नको.

साध्या सॉकेटवर पोर्टेबल चार्जर वापरत असाल तर तासाभरानं प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर गाडीतून चार्जिंग थांबवा आणि वायरमनला बोलवा. बहुधा मागचा स्क्रू सैल झालेला असतो. इस्त्री अर्धा तास चालते, गाडी सहा तास सलग ओढते. त्यामुळे वर्षातून एकदा लाइन बंद करून सगळी टर्मिनल कसून घ्या. मध्यरात्री तापल्यामुळे चार्जिंग तुटलं, की सकाळी फास्ट चार्जरकडे धावावं लागतं. बॅटरीच्या सगळ्या चांगल्या सवयी मग एका सैल स्क्रूपायी मोडतात.

बरेच दिवस गाडी उभी राहणार असेल

काही आठवड्यांसाठी बाहेर जात असाल तर बॅटरी ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान सोडा, एनएमसी असो की एलएफपी. जागा सावलीची. कॅमेऱ्याची पहारा देणारी सोय बंद करा, आणि ॲप उघडून रोज टक्के बघू नका, कारण प्रत्येक वेळी गाडी जागी होते. बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तर मोठी भरलेली असूनही दार उघडत नाही. दीर्घकाळ उभ्या गाडीत तिचं काय करायचं हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं आहे, मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

तब्येत मोजायची कशी

स्क्रीनवरच्या रेंजच्या आकड्यावरून बॅटरीची तब्येत ठरवू नका. तो आकडा तुमच्या गेल्या काही दिवसांच्या चालवण्यावर, हवेवर आणि एसीवर हलतो. वर्षातून एकदा, दरवर्षी त्याच ऋतूत, असं करा: घरी हळू चार्जरवर १०० टक्के भरा, ट्रिप मीटर शून्य करा आणि शक्यतो एका दिवसात गाडी पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत चालवा. किती युनिट खर्च झाली ते बघा. शंभरवरून पंधरावर येताना ३४ युनिट गेली असतील, तर ३४ भागिले ०.८५, म्हणजे ४० युनिट. हा आकडा कंपनीच्या आकड्याशी तंतोतंत जुळवू नका, आपल्याच पहिल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघा. त्यासाठी नवीन गाडीच्या पहिल्या महिन्यातच ही मोजणी करून वहीत लिहून ठेवा. एका बॅटरीत किती खनिज, किती पाणी आणि किती माणसांचे श्रम गेलेले असतात, ते पाहता तिनं पूर्ण आयुष्य काढावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी ही वही फार उपयोगी पडते.

बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०२२ मध्ये ठरलेल्या जागतिक नियमातही हाच टप्पा आहे, आणि त्याआधी ५ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटरला ८० टक्के. तुमची घट याच्या आत असेल तर निश्चिंत राहा.

मात्र टक्के पायऱ्या उतरल्यासारखे एकदम खाली येत असतील, किंवा एका वर्षात आकडा अचानक ढासळला असेल, तर आधी हळू चार्जरवर दोनदा पूर्ण चार्ज करून गाडीला स्वतःहून थांबू द्या. तरीही तसंच राहिलं तर वही घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी व्होल्टेज असलेल्या सेलमधला फरक लेखी मागा. पॅकमधला एखादाच सेल किंवा मॉड्यूल (सेलचा एक गट) कमजोर झाला असेल तर तो त्या फरकात दिसतो, आणि अनेकदा सगळा पॅक न बदलता तेवढाच भाग बदलता येतो.